तीन चाके आणि एक सुई

२०२४ च्या उन्हाळ्यात मी अमेरिकेत मुलाकडे तीन महिने राहून आलो. अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने नायगारा आणि न्यूयॉर्कविषयी लिहायचे, असा आपल्याकडचा रिवाज आहे. मी नायगारा पाहिला नाही. माझे बरेचसे दिवस गेले ते कोलोराडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स गावाबाहेर, एका शेतकऱ्याच्या गोठ्यात. तिथे चाळीस वर्षांपूर्वीच्या एका तीनचाकी गाडीचा कार्बोरेटर मी उघडला, आणि तो उघडता उघडता त्या गाडीचा इतिहासही उघडत गेला. आपल्या भागात तीन चाकांवर पोट भरणारी माणसे गल्लोगल्ली आहेत. तेव्हा हा इतिहास त्यांच्या घरी वाचला जावा, म्हणून लिहायला बसलो.

आधी माझा अधिकार सांगून टाकतो. मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. बेळगावात खानापूर रोडला माझे गॅरेज होते. १९७५ पासून चौतीस वर्षे मी रिक्षा, टेम्पो आणि स्कूटर दुरुस्त केल्या. हे काम मला ज्यांनी शिकवले ते उस्ताद बैलहोंगलकडचे. मराठी त्यांना समजे, पण शिव्या आणि शिकवण दोन्ही कानडीतच येत. बंद पडलेली गाडी समोर आली की ते तीनच प्रश्न विचारायचे. "गाळी बंतेनु? पेट्रोल बंतेनु? किडी बंतेनु?" हवा आली का, पेट्रोल आले का, ठिणगी आली का. या तिन्हींची उत्तरे मिळाल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही. जगातले कुठलेही पेट्रोलचे इंजिन या तीन प्रश्नांपलीकडचे नाही, हे मला अमेरिकेतल्या त्या गोठ्यात पुन्हा पटले.

ती गाडी म्हणजे होंडा कंपनीची १९८३ सालची 'एटीसी २०० ई'. लोक तिला 'बिग रेड' म्हणत. रंगाने लाल, पुढे-मागे सामान बांधायच्या लोखंडी जाळ्या, मोटारसायकलसारखे हँडल आणि बसायची सीट, पण खाली तीन गुबगुबीत चाके, पुढे एक आणि मागे दोन. इंजिन १९२ सीसीचे, एका सिलिंडरचे, फोरस्ट्रोक. रस्त्यासाठी ती नव्हतीच. ती चिखल, वाळू, बर्फ, माळरान यांच्यासाठी. शेजारच्या वृद्ध शेतकऱ्याने ती नेब्रास्का राज्यात असताना नवी घेतली होती, हिवाळ्यात वासरांना चारा टाकत फिरायला. पुढे तो कोलोराडोत आला, गाडीही आली, आणि मग पंधरा वर्षे ती गोठ्याच्या कोपऱ्यात गवताच्या गाठींमागे पडून राहिली.

माझ्या नातवाला तेरा सरून चौदावे लागले होते. मला तो 'आज्जा' म्हणतो. माझ्या मुलाने एवढा एक बेळगावी शब्द तिथे जपला आहे, नाहीतर सूनबाई इंदूरच्या, घरात भाषा त्यांची चालते. तर या नातवाची नजर त्या गाडीवर कित्येक दिवस होती. शेतकरी म्हणाला, तुझ्या आजोबांनी चालू करून दाखवली तर घेऊन जा, मला तिचा काही उपयोग नाही. नातू धावत घरी आला. "आज्जा, चालू झाली की माझी!" मुलगा लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, "बाबा, तुमचाही वेळ जाईल." मीही खुशीत होतो. निवृत्त माणसाला कुणी काम सांगितले की तो किती वेळ विचार करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारे काढली. पण कार्बोरेटरला हात लावण्याआधी मी नातवाला त्याच्या खापरपणजोबांची गोष्ट सांगितली. त्याच्या म्हणजे कार्बोरेटरच्या.

जर्मनीतल्या मानहाइम गावच्या कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. जगातली पहिली मोटार म्हणून जिचे नाव घेतात ती हीच, आणि तिला चाके होती तीन. ही गोष्ट मी रिक्षावाल्यांना सांगायचो तेव्हा त्यांची छाती फुगायची. तीन का, तर पुढची दोन चाके एकदम नीट वळवायची युक्ती बेंझला त्या वेळी साधली नव्हती. मग त्याने पुढे एकच चाक ठेवले. मागच्या दोन चाकांचा प्रश्न मात्र त्याने सोडवला होता. गाडी वळते तेव्हा बाहेरचे चाक जास्त अंतर कापते, आतले कमी. दोन्ही एकाच कडक दांड्यावर बसवली तर एकाला घसटत जावे लागते. बेंझने त्यासाठी डिफरन्शियल बसवला होता. १८८६ सालच्या गाडीत डिफरन्शियल होता, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

या गाडीचा कार्बोरेटर म्हणजे निव्वळ एक भांडे. भांड्यात हलके इंधन, त्याच्या पृष्ठभागावरून हवा जाते आणि जाताना वाफ उचलून इंजिनात नेते. कल्पना सोपी, पण वापरायला वैताग. इंधनातला हलका अंश आधी उडून जातो, जड मागे राहतो. गाडी हिंदकळली, थंडी पडली, की मिश्रण बदलले. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेंझची पत्नी बेर्था नवऱ्याला न विचारता दोन किशोरवयीन मुलांना घेऊन याच धर्तीच्या गाडीने मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला गेली. शंभर किलोमीटरहून थोडे अधिक अंतर. रस्ते बैलगाडीचे. इंधन संपत आले तेव्हा तिने वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन विकत घेतले. कपड्यांवरचे डाग काढायला ते तिथे मिळत असे. वाटेत इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिने टोपीची लांब पिन काढून ती मोकळी केली. चढावर मुलांनी गाडी ढकलली. या प्रवासाने गाडीची जाहिरात झाली ती झालीच, शिवाय चढासाठी आणखी एक गिअर हवा, हेही बेंझला कळले.

नातवाने नेमके धरले. "म्हणजे तिची मुलं माझ्याएवढी होती. आणि विचारलं पण नाही." मी म्हटले, "वेग किती होता ते बघ. ताशी सोळा किलोमीटर." हे उत्तर त्याला पटले नाही आणि, खरे सांगायचे तर, तेव्हा मलाही त्यात काही विशेष दडले आहे असे वाटले नव्हते.

भांड्याचा कार्बोरेटर गेला तो १८९३ च्या सुमारास. जर्मनीत विल्हेल्म मायबाख आणि हंगेरीत डोनात बांकी व यानोश चोंका यांनी साधारण एकाच काळात नवी तऱ्हा काढली. इंधन वाफ होऊन आपोआप वर येईल म्हणून वाट बघत बसायचे नाही, ते बारीक नळीतून ओढून फवारायचे. जुन्या लोकांना ढेकणांचा फ्लिटचा पंप आठवत असेल. पुढून जोरात हवा जाते आणि खालच्या डबीतले औषध नळीतून वर चढून तिच्यात मिसळते. कार्बोरेटर म्हणजे तेच. फरक एवढाच की पंप मारायला इथे हात नाही. इंजिनाचा पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, ती हवा एका अरुंद गळ्यातून जाते, गळ्यात तिचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. इटलीच्या जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंतुरीने १७९७ साली हे पाण्याच्या बाबतीत नोंदवून ठेवले होते, म्हणून त्या गळ्याला अजून व्हेंच्युरी म्हणतात. डबीत पेट्रोलची पातळी कायम राहावी म्हणून फ्लोट, आपल्या घरच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखा. पुढची शंभर वर्षे जगभरच्या मोटारी, विमाने, पंप, करवती या एका युक्तीवर चालल्या.

आता गोठ्यात येऊ. पेट्रोलचा कॉक बंद केला, गळ्याचे नट सोडले, वरचे झाकण फिरवून केबलसकट स्लाइड बाहेर घेतली. कार्बोरेटर कैहिन कंपनीचा. आपल्याकडे ज्यांनी जुनी ॲक्टिव्हा उघडली आहे त्यांच्या ओळखीचे हे नाव. (ही जपानी कंपनी २०२१ मध्ये दुसऱ्या मोठ्या कंपनीत विलीन झाली.) खालच्या डबीचे स्क्रू हलेनात. जपानी स्क्रूची फुली आपल्या नेहमीच्या फुलीपेक्षा किंचित निराळी असते, साधा स्क्रूड्रायव्हर लावून जोर केला की डोके गुळगुळीत होते. हे मी माझ्या उमेदवारीत चार स्क्रूंचा जीव घेऊन शिकलो होतो. नातवाला सांगितले, दाब जास्त आणि पीळ कमी. तिसऱ्या खेपेला सुटले.

आत काय होते ते सांगून पटणार नाही. पंधरा वर्षांचे पेट्रोल आटून तळाला लाखेसारखा थर झाला होता, आणि त्यावर हिरवट-पांढरी बुरशी आल्यासारखी पूड. तिकडच्या पेट्रोलात दहा टक्के इथेनॉल सर्रास असते. ते हवेतले पाणी ओढून घेते, धातूला खाते, जुन्या रबराला फुगवते. आपल्याकडेही आता वीस टक्क्यांचे पेट्रोल पंपावर आले आहे, तेव्हा ज्यांच्या घरी वडिलांची जुनी स्कूटर झाकून ठेवली आहे त्यांनी टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा. ही फुकटची सूचना.

साफसफाईला चार दिवस लागले. नातवाची पहिली हालचाल म्हणजे आईच्या डब्यातली सुई आणून जेटच्या भोकात घालणे. मी ओरडलोच. आमचे उस्ताद या गुन्ह्याला पगार कापत. जेट पितळेचा, सुई पोलादाची. भोक केसभर मोठे झाले तरी डोळ्यांना दिसत नाही, पण इंजिनाला कळते. जेटवर जो आकडा कोरलेला असतो तो त्या भोकाचा असतो, आणि भोक बिघडले की आकडा खोटा. "पण त्या बाईने पिन घातली होती!" नातू म्हणाला. तिने नळीत घातली, जेटमध्ये नाही, आणि तिच्या गाडीला जेट नव्हताच. इतिहास सांगताना एवढी काळजी घ्यावी लागते. शेवटी औषधात भिजवून, हवा मारून, आणि अगदीच हटून बसले तिथे वायरीतली तांब्याची एक मऊ तार घालून सगळी छिद्रे मोकळी केली. धुण्याआधी रबराचे वायसर काढून ठेवले, नाहीतर औषधात त्यांची शेव होते. फ्लोटची टोकदार झडप झिजली होती. ती, डबीचे पॅकिंग आणि रबरे नवी मागवली. चाळीस वर्षांपूर्वीच्या गाडीचे सामान तीन दिवसांत दारात आले. का येते, याचे उत्तर मला पुढे मिळाले.

सगळे जोडले. दोरी ओढली. सहाव्या खेपेला गाडी बोलली. नातू नाचला. पण थ्रॉटल पूर्ण दाबला की गाडी भरून यायची, भकभक करायची, मागून काळा धूर. प्लग काढला तर काजळासारखा. पेट्रोल जास्त जात होते. का? फ्लोटचे माप बरोबर, हवेचा फिल्टर नवा. दोन दिवस डोके खाजवले. मग संध्याकाळी समोर रॉकी पर्वताची रांग बघत असताना डोक्यात उजेड पडला. ही गाडी नेब्रास्काच्या मैदानात घेतलेली होती.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. इथे नीट लावलेली स्कूटर चोर्ला घाट उतरून गोव्यात गेली की तिचा आवाज किंचित बदलतो, कारण खाली हवा दाट. फरक थोडा, पण कान तयार असलेल्याला कळतो. फोर्ट कॉलिन्सची उंची बेळगावच्या दुप्पट, दीड हजार मीटर. तिथे हवा समुद्रकाठापेक्षा सुमारे चौदा टक्क्यांनी विरळ. इंजिन दर खेपेला तेवढाच घोट घेते, पण घोटात हवाच कमी. पेट्रोल मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही. म्हणून उंचावर लहान आकड्याचा मेन जेट लावायचा असतो. त्या काळच्या मॅन्युअलमध्ये उंचीचे निराळे जेट दिलेलेच असतात. शेतकऱ्याने राज्य बदलले, जेट बदलला नव्हता. वरचढ म्हणजे त्याला ते कधी जाणवलेही नव्हते, तो म्हणाला, इथली वासरेच चपळ आहेत असे मला वाटे.

छोटा जेट येईपर्यंत आठवडा गेला, आणि त्या आठवड्यात मी या गाडीची जन्मकथा शोधून काढली. मुलाने कागद काढून दिले, गावच्या वाचनालयातही बरेच सापडले.

१९६७ च्या सुमारास होंडाच्या अमेरिकेतल्या विक्रेत्यांची तक्रार होती की हिवाळ्यात मोटारसायकली खपत नाहीत. बर्फावर चालेल असे काहीतरी द्या. जपानमध्ये हे काम ओसामू ताकेउची नावाच्या अभियंत्याकडे आले. त्याने दोन, तीन, चार, पाच, सहा चाकांचे नमुने करून पाहिले आणि तीनवर थांबला. साध्या चाकांनी बर्फात काम होईना. तेव्हा अमेरिकेत पाण्या-चिखलात चालणाऱ्या सहा चाकी गाड्यांना फुग्यासारखे टायर असत, ते त्याने बघितले. आपल्या रिक्षाच्या चाकात तीसएक पौंड हवा भरतो. या चाकांत दोन-अडीच पौंड. टायर जमिनीवर रुतत नाही, पसरतो. सुरुवातीच्या गाड्यांना स्प्रिंग नव्हत्याच, टायर हीच स्प्रिंग. १९७० साली 'यूएस ९०' या नावाने गाडी बाजारात आली, किंमत ५९५ डॉलर, इंजिन ८९ सीसी. पुढे तिचेच नाव 'एटीसी ९०' झाले. १९७१ च्या 'डायमंड्स आर फॉरएव्हर' या जेम्स बाँडच्या चित्रपटात ती वाळवंटात पळताना दिसते. बेळगावात हा चित्रपट लागला तेव्हा मी तो पाहिलाही असेन, पण तेव्हा नजर गाडीवर नव्हती.

पुढच्या दहा वर्षांत गंमत म्हणून घेतलेली गाडी शेतकऱ्याचे बैल झाली. मुलांसाठी ७० सीसीची आली, मग ११० ची, १८५ ची, १९८१ मध्ये शर्यतीसाठी टू-स्ट्रोक २५० ची, आणि १९८२ मध्ये आमची ही बिग रेड. यामाहा, कावासाकी, सुझुकी यांनीही मैदान धरले. सगळीकडे तीन चाके.

इथे मला बेंझचा डिफरन्शियल आठवला. गोठ्यात जाऊन मी बिग रेडखाली आडवा झालो. मागची दोन्ही चाके एकाच अखंड ॲक्सलवर. डिफरन्शियल नाही. आपल्या साध्या रिक्षात जो असतो, १८८६ च्या गाडीत जो होता, तो इथे नाही. मूर्खपणा म्हणावा तर तसेही नाही. डिफरन्शियल असला की एक चाक चिखलात फिरत राहते आणि दुसरे ढिम्म. अखंड ॲक्सल असला की दोन्ही चाके ओढतात, म्हणून गाडी बर्फातून निघते. वजन कमी, खर्चही कमी. पण हीच गाडी वळवायची कशी? तर चालवणाऱ्याने वजन बाहेरच्या बाजूच्या पायावर टाकून आतल्या चाकावरचा भार काढायचा, म्हणजे ते घसटते आणि गाडी वळते. सायकलच्या सवयीने वजन आतल्या बाजूला टाकले, की गाडी वळत नाही, सरळ जाते, नाहीतर उलटते. घाबरून पाय खाली टेकला, तर मागचे चाक त्याच पायावर चढते. थोडक्यात, चालवायला शरीराची समज लागते, आणि गाडी इतकी खेळण्यासारखी दिसते की समज लागेल असे कुणाला वाटत नाही.

ज्याची भीती तेच घडले. १९८० नंतरच्या काही वर्षांत शेकडो माणसे या प्रकारच्या गाड्यांवर मेली, जखमींना तर गणती नाही. मृतांत सोळा वर्षांखालच्या मुलांचे प्रमाण फार मोठे होते. १९८५ पासून अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने चौकशी लावली. कंपन्यांचे म्हणणे होते की दोष चालवणाऱ्यांचा. डिसेंबर १९८७ मध्ये सरकार न्यायालयात गेले आणि एप्रिल १९८८ मध्ये न्यायालयापुढे समझोता झाला. नव्या तीनचाकींची विक्री थांबली. मोठ्या इंजिनाच्या चारचाकी गाड्या सोळा वर्षांखालील मुलांसाठी विकायच्या नाहीत असे ठरले. समझोत्याची मुदत दहा वर्षांची होती, पण तीनचाकी परत आली नाही. २००८ च्या कायद्याने तर तिची नवी विक्री आणि आयात बंदच केली.

पण या समझोत्यात विकून झालेल्या गाड्या परत घेण्याची सक्ती नव्हती. त्या गोठ्यांत, तबेल्यांत, मागच्या अंगणांत तशाच राहिल्या. नवी मिळत नाही म्हणून जुनी जपायची. म्हणून तर चाळीस वर्षांपूर्वीच्या कार्बोरेटरची झडप तीन दिवसांत दारात येते. या सगळ्या गाड्यांत आधी मरतो तो कार्बोरेटर, आणि तो साफ केला की गाडी उठून बसते. म्हणजे मी चार दिवस बसून काय साफ करत होतो, ते मला आता कळले.

वाचकहो, इथे एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे. १९८६ च्या पावसाळ्यात माझ्याकडे पंधरा वर्षांचा एक पोऱ्या कामाला होता. एका रिक्षाचे मी कार्बोरेटरचे काम केले, इतके सुरेख लागले की एका किकला सुरू आणि आवाज घड्याळासारखा. पोऱ्या म्हणाला, "मालक, ट्रायल मी घेतो." माझे हात तेलात होते. मी मानेनेच हो म्हटले. त्याला गाडी हळू चालवायची सवय होती, कारण आमच्याकडे येणाऱ्या गाड्या हळूच चालत. ही पळाली. ओल्या वळणावर उलटली. खांद्याचे हाड मोडले. आज त्याचे स्वतःचे गॅरेज आहे, दोन मुले इंजिनिअर आहेत, भेटला की वाकून नमस्कार करतो. पण डावा हात खांद्याच्या वर जात नाही. रिक्षात काही दोष नव्हता. मानेने हो म्हणणाऱ्याचा होता.

छोटा जेट आला. बसवला. इंजिन चांगले गरम करून हवेचा स्क्रू दीड फेऱ्यावरून थोडा आत, थोडा बाहेर करत जिथे आवाज सर्वांत भरीव आणि एकसारखा लागतो तिथे सोडला. नातवाचा कान मी त्या आवाजाला लावला. डोळे मिटून सांग, म्हटले, कुठे बरोबर. तिसऱ्या वेळी त्याने माझ्याआधी "इथे!" म्हटले. प्लग दुधाच्या चहाच्या रंगाचा निघाला. शेतकऱ्याने गाडीवर बसून शेताला एक फेरी मारली. वळणावर त्या ऐंशीच्या घरातल्या माणसाने वजन असे अलगद बाहेरच्या पायावर टाकले की बघत राहावे. परत येऊन किल्ली नातवाच्या हातावर ठेवली. शब्दाचा पक्का माणूस.

त्या रात्री जेवताना मी सगळा इतिहास घरात सांगितला, पोऱ्याच्या खांद्यासकट. सूनबाईंनी ताटातला हात थांबवला. मुलगा म्हणाला, "बाबा, हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं." खरे होते. नातू रडला नाही, पण बोललाही नाही. शेवटी एवढेच म्हणाला, "मग चालू कशाला केली?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. चालू होत नाही ते चालू करायचे, एवढेच आयुष्यभर केले.

सकाळी आम्ही दोघे गोठ्यात गेलो. मी त्याला म्हटले, तूच उघड. त्याने झाकण फिरवले, स्लाइड बाहेर घेतली. स्लाइडच्या मधोमध एक निमुळती सुई असते. मेन जेटच्या वरच्या नळीत ती लोंबते. थ्रॉटल दाबला की ती वर उचलली जाते आणि निमुळती असल्यामुळे हळूहळू पेट्रोलला वाट करून देते. पाव थ्रॉटलपासून पाऊणपर्यंत गाडीची सगळी चाल या सुईच्या हातात. तिची क्लिप सोडवून त्याने सुई माझ्या तळहातावर ठेवली, आणि स्लाइड परत बसवली. आता गाडी सुरू होते. जागेवर थोडी जड, पण धडधडते. थ्रॉटल दाबला की पेट्रोलात गुदमरून बंद पडते.

ती सुई आज बेळगावात माझ्या टेबलाच्या खणात, औषधांच्या एका रिकाम्या डबीत आहे. नेब्रास्काचा मोठा जेट मी त्याला दिला, तो त्याने दोऱ्यात ओवून दप्तराला बांधला आहे. तो सोळाचा झाला की, आधी शेतकऱ्याकडून वजन टाकायला शिकायचे आणि मग मी सुई घेऊन यायचे, असे ठरले आहे. तसली सुई तिकडे कुठल्याही दुकानातून मागवता येते, तीन दिवसांत येते. हे त्यालाही माहीत आहे. दर रविवारी फोन येतो. सूनबाई सांगतात की तो शनिवारी गोठ्यात जाऊन गाडी सुरू करतो, पाच मिनिटे आवाज ऐकतो आणि कॉक बंद करून घरी येतो.